लेणी, किल्ले आणि वस्तुसंग्रहालयं: मराठवाड्यात येणाऱ्या दिव्यांग पाहुण्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेरूळ-अजिंठ्याला जायचं ठरतं, गाडी ठरते, डबे बांधायची यादी होते. मग कुणीतरी म्हणतं, "पण हिला तिथं जमेल का?" त्या एका प्रश्नावर घरातली एक व्यक्ती मागे राहते. मी स्वतः पोलिओमुळे कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्या) आणि कुबडीवर चालतो, त्यामुळे ते मागे राहणं मला ठाऊक आहे. लोक मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पाहुणा नुसता दारापर्यंत पोहोचून भागत नाही. ज्या शिल्पासाठी, ज्या वस्तूसाठी तो आला, तिच्यापर्यंत तो पोहोचला पाहिजे. सगळी उत्तरं याच हिशोबानं लिहिली आहेत.

व्हीलचेअरवरून वेरूळला खरंच काही पाहता येतं का, की लांबूनच नमस्कार?

येतं, आणि भरपूर येतं. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी सोळावं, म्हणजे कैलास लेणं, मुख्य प्रवेशद्वारातून आत गेलं की समोरच आहे. त्याचं अंगण खालच्या पातळीवर आहे. दाराशी दगड उंचसखल असल्यामुळे तिथे मागून एक हात लागतो. पण एकदा आत गेलात की अख्खं मंदिर तुमच्या चारी बाजूंनी उभं असतं.

आत शिरताच समोर गजलक्ष्मी दिसते. दोन्ही अंगांना दगडी हत्ती आणि ध्वजस्तंभ आहेत. मंदिराच्या भिंतीवर एका बाजूला रामायणाचा आणि दुसऱ्या बाजूला महाभारताचा शिल्पपट आहे. दोन्ही अंगणातूनच पाहायचे असतात, धडधाकट माणूसही तिथूनच पाहतो. दक्षिणेच्या अंगाला कैलास हलवणारा रावण आहे, तोही खालूनच दिसतो. त्यामुळे चढता आलं नाही म्हणून कैलास बघायचं राहिलं, असं कुणी म्हणू नये. वरचा मंडप आणि गाभारा मात्र जिन्यावर आहे. तिथे लिफ्ट बसवण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये चर्चेत आला होता. तुम्ही निघाल तेव्हा त्याची स्थिती काय आहे, ते फोनवर विचारून घ्या.

दशावतार (लेणं क्र. १५) आणि तीन ताल (क्र. १२) ही जिन्यांची लेणी आहेत. त्यांचा आग्रह धरू नका. ३० ते ३४ ही जैन लेणी बाजूला असून तिथपर्यंत वाहन जातं. आतल्या पायऱ्यांसाठी सोबत कुणीतरी हवं.

वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. हे आधी पाहून घ्या. इतक्या लांबून आलेल्या माणसाला बंद फाटकावरून परतावं लागलं की फार लागतं.

आणि अजिंठा?

अजिंठा अवघड आहे. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखा कडा आहे, त्या कड्यात ओळीनं लेणी आहेत आणि सगळी वाट कड्याच्या अंगानं जाते. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर खासगी गाड्या थांबतात, तिथून पुढे एसटीच्या बसनं जावं लागतं. बसमध्ये चढताना पायरी उंच असते, म्हणून घडीची व्हीलचेअर असेल तर काम सोपं होतं. बसमधून उतरल्यावर पहिल्या लेण्याच्या पातळीपर्यंत पायऱ्या चढाव्या लागतात.

तिथे डोलीवाले असतात. खुर्चीला दोन दांडे लावून चौघं जण उचलून नेतात. काहींना त्यात संकोच वाटतो. तो वाटणं चूक नाही, पण संकोचापायी पद्मपाणी बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र न पाहता परत फिरू नका, असं मी सांगेन. बसण्याआधी चार गोष्टी बोलून घ्या: दर किती, कोणकोणत्या लेण्यांपाशी उतरवणार, तिथे किती वेळ थांबणार आणि परत खाली आणणार का. शेवटचं नक्की विचारा.

वेळ आणि ताकद मोजकी असेल तर पहिलं आणि दुसरं लेणं पाहा. चढ संपला की ही दोन्ही लगेच येतात. पहिल्यातच पद्मपाणी आणि वज्रपाणी आहेत. थोडी हिंमत उरली तर सोळा आणि सतरा. सव्विसाव्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा भव्य बुद्ध वाटेच्या दूरच्या टोकाला आहे. तो डोलीनंच पाहावा.

चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं काढायला सांगतात. कॅलिपर किंवा कृत्रिम पाय असेल तर?

कॅलिपरचा बूट म्हणजे चप्पल नव्हे. लोखंडी पट्ट्या त्याच बुटात अडकवलेल्या असतात. बूट काढला की आधारच गेला, मग माणूस उभा कसा राहणार? कृत्रिम पायाचंही तसंच असतं, त्याची उंची बुटासकट धरून बसवलेली असते.

मी घरून दोन जाड सुती पिशव्या नेतो. बुटावर पिशवी चढवायची आणि घोट्यापाशी नाडी बांधायची. कुबडीच्या रबरी टोपणालाही तसंच फडकं गुंडाळायचं. रखवालदाराला शांतपणे दाखवून सांगितलं की तो बहुतेक वेळा समजून घेतो, कारण नियम फरशी आणि चित्रं जपण्यासाठी आहे आणि पिशवीनं तो हेतू साधतो. कापड घसरडं नसावं, एवढं मात्र पाहा. गुळगुळीत दगडावर नायलॉन बिलकुल नको.

बीबी का मकबरा आणि दौलताबाद?

मकबऱ्याच्या दरवाज्यातून आत गेलं की बागेतून सरळ, रुंद वाट आहे. पाण्याच्या लांब हौदाच्या कडेनं मुख्य वास्तूपर्यंत जाता येतं. वास्तू उंच चौथऱ्यावर आहे आणि चौथरा पायऱ्यांचा आहे. दिलरास बानू बेगमची कबर आणखी खालच्या पातळीवर असून संगमरवरी जाळीआडून ती वरून पाहतात, म्हणजे त्यासाठी आधी चौथरा चढावाच लागतो. बागेतून दिसणारं रूपही डोळे भरून पाहण्यासारखं आहे, विशेषतः सकाळी.

दौलताबादला चांद मिनारापर्यंतची वाट फरसबंदीची आहे. चाकाला धक्के बसतात, पण फार चढ नाही. दरवाजांची वळणं, त्यांच्यावरचे अणकुचीदार खिळे, तटबंदी, मिनार हे सगळं एवढ्यात पाहून होतं. खंदकापलीकडची 'अंधारी' नावाची भुयारी वाट आणि बारादरी हा पायऱ्यांचा, काळोखाचा आणि वटवाघळांचा भाग आहे. चालता येणाऱ्या अंध पाहुण्यानं तिथे अनुभवी सोबत्याबरोबरच जावं. व्हीलचेअरनं जाऊ नये.

निघण्यापूर्वी फोन करून काय विचारावं?

"दिव्यांगांसाठी सोय आहे का?" असं विचारू नका. उत्तर नेहमी "हो, आहे" असंच येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. असं विचारा: तिकीट खिडकीपासून पहिल्या दालनापर्यंत पायऱ्या किती? कठडा एका बाजूला आहे की दोन्ही? रॅम्प असेल तर तो आज मोकळा आहे का? व्हीलचेअर तुमच्याकडे आहे का, आणि तिचे पायटेकू व ब्रेक शाबूत आहेत का? वरच्या मजल्यावर काय ठेवलंय? बसायला बाक कुठे कुठे आहेत? स्वच्छतागृहाचं दार किती रुंद आहे?

एका ठिकाणी मला फोनवर रॅम्प असल्याचं सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या पायथ्याशी कर्मचाऱ्यांच्या दुचाक्या लावलेल्या होत्या. त्या हलवायला किल्ल्या शोधण्यात निम्मा तास गेला. म्हणून "आज मोकळा आहे का" हा प्रश्न मी सोडत नाही.

स्वच्छतागृहाची अडचण कशी सोडवायची?

बाहेर पडायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणारी माणसं मी पाहिली आहेत, बायका तर जास्तच. मराठवाड्याच्या उन्हात हे धोक्याचं आहे. शक्यतो मुक्कामाच्या हॉटेलात सोय करून निघा, जेवणासाठी कमोड आणि रुंद दार असलेलं ठिकाण आधी हेरून ठेवा, आणि वारसास्थळी पोहोचताच पहिली चौकशी हीच करा. "दिव्यांग स्वच्छतागृह" अशी पाटी असलेल्या खोलीला कुलूप असतं, किंवा आत झाडू-बादल्या भरलेल्या असतात. किल्ली आधीच मागून घ्या. मागायला लाजू नका.

आमच्या शाळेतल्या अंध मुलांची सहल आणायची आहे. त्यांना लेण्यांत काय मिळणार?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंचे मी आभार मानले, कारण बहुतेक जण तो विचारतच नाहीत.

चित्रांना आणि जुन्या शिल्पांना हात लावता येत नाही. हाताचा घाम आणि तेल यांनी ती झिजतात, हा नियम मुलांनाही समजावून सांगावा. पण लेणं हे नुसतं डोळ्यांनी पाहायचं नसतं. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, विश्वकर्मा चैत्यात (बौद्ध प्रार्थनागृहात), उंच कमानदार छताखाली एखादा सूर लावून पाहा. आवाज कसा भरून परत येतो त्यावरून मुलांना दालनाची उंची कळते. उन्हातून आत शिरताना गालावरचा गारवा बदलतो. कैलासच्या अंगणाची लांबी ८० मीटरच्या वर आहे. ती दोरी धरून, पावलं मोजत चालू द्या. एवढा डोंगर वरून खाली कोरत आणला, हे वाक्य त्या पावलांमुळे खरं वाटायला लागतं.

आणण्याआधी वर्गात तयारी करा. शाडूचा किंवा साबणाचा ठोकळा घेऊन मुलांना वरून खाली कोरायला लावा. कैलास असाच घडला आहे, आधी कळस आणि शेवटी जोतं. चैत्य आणि विहार (भिक्खूंची राहण्याची लेणी) यांचे नकाशे जाड पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून करता येतात.

स्पर्शासाठी आपल्याकडे इतर जागा आहेत. पैठणला मागावर पैठणी विणतात. विणकरानं परवानगी दिली तर मुलांना ताणा, धोटा आणि जरीचा काठ हातानं कळतो, आणि मागाचा ठेका ती विसरत नाहीत. छत्रपती संभाजीनगरात हिमरू आहे, सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं. पाणचक्कीत पाण्याचा आवाजच वाट दाखवतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अनुभव' नावाचं दालन आहे. तिथे प्रतिकृती हातात घेऊन पाहता येतात, ब्रेल आणि ध्वनिमार्गदर्शनाची जोडही आहे. असं दालन तेरला व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारं गाव. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंमधून तिथलं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. मातीच्या मूर्ती, भांडी, मणी हा सगळा हाताच्या मापाचा वारसा आहे. चांगल्या प्रतिकृती करून एका टेबलावर मांडल्या, तर गोरोबाकाकांच्या गावात आलेलं अंध मूल दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीकामाचा घाट बोटांनी ओळखेल.

आणखी एक. सगळ्या अंध व्यक्तींना ब्रेल येत नाही. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांना तर क्वचितच येतं. त्यामुळे ब्रेल फलक लावला की काम संपत नाही, ऐकायची सोयही हवी.

आम्ही कर्णबधिर मित्र मिळून येतोय. गाइड घेऊन उपयोग होईल का?

होईल, पण त्याला एक गोष्ट आधी सांगा: आत गेल्यावर बोलायचं नाही. अजिंठ्यात चित्रं जपण्यासाठी उजेड अगदी मंद ठेवलेला असतो. तिथे ओठ दिसत नाहीत आणि दुभाष्याचे हातही दिसत नाहीत. म्हणून सगळी गोष्ट बाहेर ओसरीत, उजेडाकडे तोंड करून सांगून घ्यावी. कुठलं चित्र कुठल्या भिंतीवर आहे ते कागदावर काढून घ्यावं आणि मग आत जाऊन नुसतं पाहावं. चालता चालता, पाठमोरं होऊन बोलणारा गाइड तुमच्या कामाचा नाही.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना मोठ्या चैत्यात आवाज घुमून त्रास होतो. गट मोठा असेल तर यंत्राचा आवाज कमी करून ठेवा.

माझा मुलगा स्वमग्न आहे. गर्दीत बिथरतो.

सकाळी फाटक उघडताना पोहोचा. रविवार, शाळांच्या सहलींचे डिसेंबर-जानेवारीतले दिवस आणि सलग सुट्ट्या टाळा. घरी आधी फोटो दाखवा, क्रमानं: ही बस, ही तिकीट खिडकी, ही पायऱ्यांची वाट, हा अंधार, ही माकडं. माकडं खरोखरच असतात, हातातला खाऊ लपवा. कानावर लावायचे हेडफोन जवळ असू द्या. एकच लेणं पाहून तो परत फिरला तरी चालेल. आजूबाजूचे लोक काय म्हणतील याचा भार आईबापांनी घेऊ नये.

आईकडे दिव्यांग प्रमाणपत्र नाही, पण गुडघे चालत नाहीत. तिच्यासाठी हे सगळं लागू आहे का?

अर्थातच आहे. बाक, कठडा आणि व्हीलचेअर मागायला कागद लागत नाही. ज्यांचा त्रास बाहेरून दिसत नाही त्यांचंही तेच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत, त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजारही येतात. सिकलसेलच्या रुग्णाला दमछाक आणि पाण्याची कमतरता यांतून वेदना उठू शकतात. "धडधाकट तर दिसतोय" असं त्याला कुणी म्हणू नये.

प्रवासात सवलत?

एसटीत ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्यालाही सवलत मिळते. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जवळ ठेवा. रेल्वेची सवलत दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार ठरते आणि तिचं ओळखपत्र रेल्वेकडून वेगळं काढावं लागतं.

कोणत्या दिवसांत यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर जातो. काळा दगड तापतो, व्हीलचेअरच्या चाकांवरच्या हातानं फिरवायच्या कड्या आणि कॅलिपरच्या पट्ट्या चटका देतात. मणक्याला इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या भागात घाम नीट येत नाही, त्यांना उष्माघात लवकर गाठतो. यायचंच असेल तर दहाच्या आत आटपा, ओला पंचा मानेवर ठेवा, हातमोजे घाला. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार दिसतात, पण शेवाळलेल्या दगडावर कुबडी टिकत नाही.

सोबत्यानं मदत कशी करायची?

विचारून. "धरू का? कुठे धरू?" एवढंच. अंध माणसाचा दंड पकडून ओढू नका. तुमचा कोपर त्याला धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. व्हीलचेअर पायऱ्यांवरून उतरवताना चेअरच्या पक्क्या चौकटीला धरायचं. हाताचे टेकू आणि पायटेकू निघून हातात येतात. कुबडीवाल्याला चढताना मागे आणि उतरताना पुढे, म्हणजे नेहमी खालच्या बाजूला थांबा. उत्साहानं धावत येऊन माणसाला न विचारता उचलणारे भले लोक आपल्याकडे फार आहेत. मला एका किल्ल्यावर असंच उचललं होतं. मनात कुणाच्या वाईट नव्हतं, पण कॅलिपरचं गुडघ्यापाशी असलेलं कुलूप अर्धवट उघडलं आणि गुडघा मुरगळला. तेव्हा आधी विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

"ही वारसा वास्तू आहे, इथे रॅम्प करता येत नाही" असं सांगतात. हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. संरक्षित स्मारकात कुणालाही मनाला येईल ती तोडफोड किंवा बांधकाम करता येत नाही, प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यानं त्याला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. पण लाकडी किंवा लोखंडी, दगडाला न ठोकता ठेवलेला आणि हवा तेव्हा उचलता येणारा रॅम्प मूळ वास्तूला धक्का लावत नाही. परवानगी काढून तो ठेवता येतो. उतार मात्र नीट हवा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. तीन पायऱ्यांवर टाकलेली उभी फळी म्हणजे रॅम्प नव्हे. त्यावरून माणूस मागे कलंडतो.

दुसरी बाजूही सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवनात सहभागाचा हक्क आहे. कलम ४५ नं जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत सरून गेली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. तेव्हा रॅम्प मागणारा पाहुणा मेहेरबानी मागत नसतो.

आमच्या गावातलं संग्रहालय लहान आहे, पैसे नाहीत. सुरुवात कुठून करू?

पैसे न लागणाऱ्या कामांपासून. रॅम्पवरच्या कुंड्या आणि दुचाक्या हलवा. स्वच्छतागृहाची किल्ली तिकीट खिडकीवर टांगा. पायऱ्यांच्या कडांवर पिवळा पट्टा ओढा, अल्पदृष्टी असलेल्यांना त्याचा मोठा आधार होतो. दर दालनात एक बाक ठेवा, पाठ असलेला. वस्तूंखालची अक्षरं मोठी करा, आणि काचेवर उजेड चमकून ती पुसट होत नाहीत ना, हे व्हीलचेअरच्या उंचीवर बसून पाहा. बुटक्या व्यक्तींना आणि मुलांनाही तीच उंची सोयीची पडते. गावातल्या चांगलं वाचणाऱ्या एखाद्या मुलीच्या आवाजात दर दालनाची माहिती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा.

मग एक टेबल मांडा. जातं, पाटा-वरवंटा, जुनं कुलूप, अडीसरी, पायली अशी धान्याची जुनी मापं, खापराचे तुकडे. ज्याची नोंदवहीत मौल्यवान वस्तू म्हणून नोंद नाही, ते हाताळायला द्या. आणि हे सगळं करण्याआधी गावातल्या दोन-चार दिव्यांग माणसांना बोलवा, चहा द्या, त्यांच्याबरोबर फाटकापासून शेवटच्या दालनापर्यंत चाला. ती जिथे जिथे थांबतील, तिथे तिथे काम आहे.

तक्रार कुठे करायची?

आधी जागेवर, तिथल्या अधिकाऱ्याकडे लेखी, पोच घेऊन. फोटो काढा, तारीख लिहा आणि अडचण मापासकट मांडा: "दाराची रुंदी इतकी, माझी चेअर इतकी." केंद्राच्या ताब्यातल्या लेण्यांसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याच्या संग्रहालयांसाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. दाद लागली नाही तर पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करता येतो. २०१६ च्या कायद्याच्या उल्लंघनाला पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. 'सुगम्य भारत' ॲपवरूनही फोटो टाकून तक्रार नोंदवता येते. जिथे सोय चांगली मिळाली, त्या रखवालदाराचं नाव अभिप्राय वहीत आवर्जून लिहा. त्याचे वरिष्ठ ती वही वाचतात.